मुलाला इजा झाली, आता भरपाईचं काय? बेळगाव सीमाभागातल्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागांतून येत राहणारे हे प्रश्न आहेत. काही फोनवर आलेले, काही कोर्टाच्या व्हरांड्यात, काही दवाखान्याच्या पायरीवर विचारलेले. भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. बहुतेक प्रश्न रस्त्यावरच्या अपघाताचे, म्हणून ते आधी घेतलेत. शाळा, वीज, कुत्रं, दवाखाना हे नंतर. इथलं वाचून अंदाज घ्या, पण आपली कागदपत्रं एकदा वकिलाला दाखवाच. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर थेट प्रश्न ७ वाचा.

१. परवा पोराला गाडीनं उडवलं. अजून आयसीयूत आहे. केसचं नंतर बघू म्हणतोय, चालतंय का?

उपचार आधी, यात वाद नाही. पण एक गोष्ट दाखल करतानाच होऊन जाते आणि नंतर बदलता येत नाही. ती म्हणजे केसपेपरवर लिहिलेलं इजेचं कारण. पोलिसांची भानगड नको, किंवा गाडीवाला ओळखीचाच निघाला, म्हणून घरचे सांगतात ‘जिन्यावरून पडला’. डॉक्टर तसंच लिहितात. सहा-आठ महिन्यांनी विम्याचा वकील तोच कागद कोर्टापुढे ठेवतो आणि विचारतो, मग गाडी कुठून आली? चांगल्या चांगल्या केसेस या एका ओळीवर अडकतात. गाडीची धडक असेल तर तेच सांगा, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहायला लावा आणि एमएलसी नोंद, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यानं करायची नोंद, झाली का ते विचारून घ्या.

बाकीचं एखाद्या नातेवाइकावर सोपवा. जागेचे आणि गाडीचे फोटो, पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि नंबर, प्रत्येक औषधाचं बिल. पोराला पुढे हुबळी, कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला हलवलं तर प्रत्येक दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि ॲम्ब्युलन्सची पावती वेगळी ठेवा. सगळं एका पिशवीत, तारखेप्रमाणे.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची विनारोकड उपचारांची योजना लागू आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या दवाखान्यात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. दवाखान्याच्या काउंटरवर स्वतः विचारा, आपण होऊन कोणी सांगेल याची वाट बघू नका.

२. पोलिसांत तक्रारच दिली नाही. अपघात चंदगड हद्दीत झाला, आम्ही बेळगावचे. आता कुठं जायचं?

कुठल्याही ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यावीच लागते. तिला लोक झिरो एफआयआर म्हणतात. पुढे ती संबंधित ठाण्याकडे, म्हणजे इथं चंदगडकडे, जाते. ‘आमची हद्द नाही, महाराष्ट्रात जावा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. तरीही घेत नसतील तर एसपींना लेखी कळवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

उशीर का झाला ते तक्रारीतच खरं खरं लिहा. पोरगं आयसीयूत होतं हे कारण कोणत्याही न्यायाधीशाला समजतं. कारण न लिहिता सोडलेला पंधरा दिवसांचा उशीर मात्र नडतो.

एफआयआर नोंदला की पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल क्लेम ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, पाठवायचा असतो. ट्रिब्युनल तो अहवालच दावा म्हणून हाती घेऊ शकतं. तरी स्वतःचा अर्ज स्वतः करावा असं माझं मत आहे. पोलिसांच्या अहवालात पोराची शाळा, पुढचा खर्च, घरी कोणाला काम सोडून बसावं लागलं, हे काही नसतं.

३. एफआयआर कन्नडमध्ये लिहिलाय. आम्हाला वाचता येत नाही, तरी सही केली. काय होईल?

या भागातला हा नेहमीचा प्रश्न. तक्रार लिहून झाल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवणं पोलिसांना बंधनकारक आहे आणि प्रत फुकट मिळते. प्रत घरी आणा आणि कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून शब्दन् शब्द समजून घ्या. एक वाक्प्रयोग मुद्दाम शोधा: ‘अतिवेग मत्तु अजागरूकतेयिंद’, म्हणजे भरधाव आणि निष्काळजीपणे. दाव्याचा कणा तोच. गाडीचा नंबर, दिशा, जागा यांत चूक असेल तर लगेच लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाब नोंदवायला सांगा.

आपला अर्ज मराठीत दिला तर चालतो का? राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतं. हक्क आहे आणि तो सोडू नये. पण पोरगं दवाखान्यात असताना भाषेचा तंटा टेबलावर मांडायचा की मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडून त्याच दिवशी पोच घ्यायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी त्यातली दुसरी वाट सुचवतो. जिल्ह्यातल्या कोर्टाचं काम कन्नडमध्ये चालतं, तेव्हा शाळेचे दाखले, ग्रामपंचायतीचे उतारे असे मराठी कागद असतील तर त्यांचं भाषांतर लागणारच. साक्ष मराठीत देता येते, तसं वकिलाला आधी सांगून ठेवा.

४. दावा कोणाच्या नावानं करायचा, बापाच्या का पोराच्या?

पोराच्या. अठरा वर्षांखालचं मूल स्वतः दावा करू शकत नाही, म्हणून आई, वडील किंवा पालक त्याच्या वतीनं ‘वादमित्र’ म्हणून सही करतात. पण दावेदार मूलच, आणि पैसाही मुलाचाच. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात: तडजोड (प्रश्न ९), रक्कम हातात का येत नाही (प्रश्न १०), आणि बापाची चूक असेल तर काय (प्रश्न १४).

५. गाडी एमएच ०९, अपघात कागलजवळ, आम्ही निपाणीचे. कोल्हापूरला चकरा माराव्या लागणार काय?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावा तीन ठिकाणी करता येतो: अपघात झाला तिथं, दावेदार राहतो तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं. गाडी कोल्हापूरची असो की गोव्याची, तुम्ही आपल्या जिल्ह्यात दावा करू शकता. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण त्याचा तुमच्या दाव्याशी काडीचा संबंध नाही. निवड करताना साक्षीदार आणि डॉक्टर कुठले आहेत तेवढं बघा. ऑपरेशन कोल्हापूरला झालं असेल तर त्या डॉक्टरांना बेळगावला साक्षीला आणणं जिकिरीचं होतं.

हिट अँड रनच्या अर्जाला ही सवलत नाही, ते प्रश्न ११ मध्ये.

६. किती दिवसांत दावा करायचा? एक जण म्हणाला, काही घाई नाही.

सांगणारा जुन्या कायद्याचं सांगतोय. १९९४ च्या दुरुस्तीनं ही मुदत उठवली होती आणि बरीच वर्षं ती नव्हतीच. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत परत आली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, म्हणून सहा महिने उलटले तरी हात झटकून बसू नका, वकिलाला विचारा. पण अजून मुदतीत असाल तर त्या आव्हानाच्या भरवशावर एक दिवसही घालवू नका.

ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे. दिवाणी दाव्यात वेगळाच हिशेब लागतो, तो प्रश्न १७ च्या शेवटी दिला आहे.

७. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. दवाखान्यात एक माणूस भेटला, म्हणाला काही देऊ नका, मिळाल्यावर तीस टक्के द्या.

त्या माणसाला नमस्कार करून वाटेला लावा. वकिलांच्या आचारसंहितेत मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवायला बंदी आहे आणि दवाखान्यात फिरणारा दलाल तर बहुतेक वेळा वकीलही नसतो. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर सही करायची नाही. पोराचं पासबुक कोणाच्या ताब्यात द्यायचं नाही. निकाल लागल्यावर पालकांना रकमेचा पत्ताच नसतो, अशी प्रकरणं इथूनच सुरू होतात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मुलांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी घरच्या उत्पन्नाची अट नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं, ‘आमचं कार्ड बीपीएल नाही’ म्हणून ते परत फिरतात. मुलासाठी, महिलेसाठी, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तीसाठी उत्पन्न बघत नाहीत. बेळगावच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या कोर्टांत तालुका समित्या. १५१०० या नंबरावर फोन केला तरी वाट दाखवतात. मोफत वकील म्हणजे हलका वकील, ही समजूत सोडा. पटला नाही तर बदलून मागता येतो.

८. किती मिळतील? शेजारच्याला आठ लाख मिळाले.

शेजाऱ्याचं पाय मोडलेलं पोर आणि तुमचं डोक्याला मार लागलेलं पोर, यांची तुलना होत नाही. तरी आकडे कसे ठरतात ते सांगतो, म्हणजे निदान वकिलाला काय विचारायचं ते कळेल.

मूल कमावत नाही, मग नुकसान कशाचं मोजायचं, हा कोर्टांपुढचा जुना पेच. २०१३ साली कर्नाटकातूनच गेलेल्या मास्टर मल्लिकार्जुन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एक कोष्टक दिलं. कायमचं अपंगत्व १० टक्क्यांपर्यंत असेल तर १ लाख, त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंत ३ लाख, ६० पर्यंत ४ लाख, ९० पर्यंत ५ लाख, आणि त्याहून जास्त असेल तर ६ लाख. यात वेदना, बालपण हिरावलं जाणं वगैरे आलं. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च आणि सोबतीच्या माणसाचा खर्च वेगळा.

विम्याचे वकील अजून हेच कोष्टक पुढे करतात. पण मोठ्या अपंगत्वात कायदा त्याच्या पुढे गेला आहे. २०२० च्या काजल खटल्यात बारा वर्षांची मुलगी पूर्ण परावलंबी झाली होती. सर्वोच्च न्यायालयानं तिचं संभाव्य उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनावर धरलं, त्यात भविष्यातली वाढ ४० टक्के मिळवली, दोन सेविकांचा वर्षाचा खर्च १८ नं गुणून लावला आणि एकूण ६२ लाख २७ हजार रुपये दिले. २०२५ मध्येही त्याच न्यायालयानं एका आठ वर्षांच्या मुलाच्या खटल्यात कुशल कामगाराचं किमान वेतनच धरायला सांगितलं. तेव्हा तुमच्या दाव्यात ‘मूल कमावत नाही, सबब वार्षिक उत्पन्न पंधरा हजार’ असं काही लिहिलं असेल तर तिथंच थांबवा.

खरा जोर अपंगत्वाच्या दाखल्यावर असतो. बिम्सच्या, म्हणजे बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणचा दाखला घ्या आणि टक्का एका हाताचा-पायाचा की पूर्ण शरीराचा ते नीट बघा. पायाला ४५ टक्के म्हणजे पूर्ण शरीराला ४५ नव्हे. कोष्टक पूर्ण शरीराच्या टक्क्यावर चालतं. शाळेचं वर्ष बुडालं असेल तर मुख्याध्यापकांचा दाखला जोडा. आईनं शिवणकाम, शेतातलं काम सोडलं असेल तर तेही लिहा.

९. गाडीवाला गावातलाच आहे. पंच बसलेत, चाळीस हजार घ्या आणि बाँडवर सही करा म्हणायलेत.

उपचाराला मदत म्हणून पैसे देत असेल तर घ्या, ‘उपचारापोटी मिळाले’ एवढंच लिहून द्या. ‘पुढे काही मागणार नाही’ या वाक्यावर सही करू नका. केली असेल तरी सगळं बुडालं असं नाही. मुलाच्या दाव्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड मुलावर बंधनकारक नसते, दिवाणी प्रक्रिया संहितेत तसं स्पष्ट आहे. पंचांचा मान ठेवावा, पण मुलाचा हक्क सोडून द्यायचा अधिकार ना त्यांना, ना आईबापाला.

घाईच्या तडजोडीत आणखी एक धोका आहे, तो मोठ्या माणसाच्या केसमध्ये नसतो. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते. तिथून हाड मोडलं तर आज जुळलेलं दिसतं, पण दोन-तीन वर्षांत एक पाय आखूड राहतो किंवा हात वाकडा वाढतो. मग परत ऑपरेशन. हाडांच्या डॉक्टरांना सरळ विचारा: वाढीच्या पट्टीला धक्का आहे का, पुढे किती ऑपरेशनं लागतील, अंदाजे खर्च किती? आणि लेखी घ्या. लोकअदालतीत बसण्याआधी हा कागद हातात हवाच, कारण तिथं झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. लोकअदालत वाईट नाही. पायाला साधं फ्रॅक्चर होऊन पोर परत खो-खो खेळायला लागलं असेल तर तीच बरी.

१०. निकाल लागला, पण पैसे बँकेतच अडकलेत. आम्हाला का देत नाहीत?

अडकलेले नाहीत, ठेवलेले आहेत. मुलाची रक्कम साधारणपणे अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवली जाते. खर्च झालेल्या उपचारांची रक्कम पालकांना मिळते, आणि ठेवीचं व्याज मुलाच्या संगोपनासाठी काढायची मुभा कोर्ट देऊ शकतं. मधेच ऑपरेशन निघालं तर डॉक्टरांचं अंदाजपत्रक जोडून कोर्टात अर्ज करा, मोठी रक्कमही मोकळी होते. घर बांधायला, थोरलीच्या लग्नाला म्हणून होत नाही. पालकांना याचा राग येतो हे खरं, पण ठेव मोडून संपलेली भरपाई मी पाहिली आहे आणि ते पोर आता वीस वर्षांचं आहे.

निकालावरचं व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात. अर्ज लवकर करायचं हेही एक कारण.

११. गाडी पळून गेली. नंबर कोणीच बघितला नाही.

आधी शोधा. आसपासच्या दुकानांचं, पेट्रोल पंपाचं आणि हायवेवर असाल तर टोलनाक्याचं फुटेज फार दिवस राहत नाही, तेव्हा पोलिसांना पहिल्या दोन दिवसांतच लेखी मागणी द्या. अर्धा नंबर कळला, केए २२ की केए २३ एवढं जरी कळलं, तरी उपयोग होतो.

गाडी सापडलीच नाही तर २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज जिथं अपघात झाला त्या भागाच्या प्रांताधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा, आपल्याकडे एसी ऑफिस म्हणतात ते. अपघात चंदगड-गडहिंग्लजकडे झाला असेल तर तिकडेच जावं लागेल. पुढे गाडी सापडून नियमित दाव्यात रक्कम मिळाली तर ही रक्कम त्यातून वजा होते.

१२. पोरगंच रस्त्यावर पळालं म्हणतात. मग काहीच मिळणार नाही?

सात-आठ वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाच्या सावधपणाची अपेक्षा कोर्ट धरत नाही. शाळा, बाजार, वस्ती असेल तिथं मूल आडवं येईल हे गृहीत धरून गाडी चालवणं ड्रायव्हरचं काम. जागेच्या फोटोत शाळेची पाटी, गतिरोधक दिसत असतील तर ते जपून ठेवा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सायकल घेऊन उलट्या बाजूनं आला असेल तर मात्र काही टक्के कापले जाऊ शकतात.

१३. उडवणारा स्वतःच सोळा वर्षांचा, लायसन्स नाही. विमा कंपनी हात वर करायलीय.

कंपनी तसं म्हणणारच, कारण परवान्याशिवाय चालवणं हा पॉलिसीचा भंग आहे. पण बऱ्याच खटल्यांत कोर्टांनी कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करायला सांगितलं आहे. म्हणून दाव्यात मालक आणि कंपनी दोघांनाही घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अशा वेळी पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी दहावीतला मुलगा ट्युशनला ॲक्टिव्हा नेत असेल, तर हा प्रश्न त्यांच्यासाठीही आहे.

१४. माझ्याच बाइकवरून पडून पोरीचा हात मोडला. समोर दुसरी गाडी नव्हती. स्वतःवरच दावा करू?

विचित्र वाटतं, पण वाट आहे. पॉलिसी बघा. पॅकेज म्हणजे संपूर्ण विमा असेल तर मागे बसणाऱ्याची जबाबदारी त्यात येते. नुसता थर्ड पार्टी असेल तर सहसा येत नाही. दावा मुलीचा, तुम्ही सामनेवाले, म्हणून वादमित्र तुम्ही होऊ शकत नाही, आई किंवा मामा होईल. दुसरी गाडीही असेल आणि चूक दोघांची असेल, तर तुमच्या चुकीपोटी मुलीची रक्कम कापता येत नाही. ती दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते.

१५. ऊस भरायला गेलेल्या ट्रॅक्टरवर पोर बसलं होतं, पडलं.

सीझनला ऊसतोडीच्या टोळ्यांसोबत त्यांची मुलंही फडावर असतात, तेव्हा ही केस दरसाल येते. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा, त्यावर माणसं बसवायची परवानगी नसते, म्हणून कंपनी जोरात भांडते आणि पुष्कळदा जबाबदारी एकट्या मालकावर येते. ट्रॉलीचा विमा वेगळा आहे का तेही बघा. रस्त्यानं चालणाऱ्या पोराला ट्रॅक्टर-ट्रॉलीनं धडक दिली असेल तर गोष्ट निराळी, तिथं ते पोर सरळ तिऱ्हाईत ठरतं. म्हणून ते ‘बसलं होतं’ की ‘बाजूनं चाललं होतं’ हे तक्रारीत जसं घडलं तसंच स्पष्ट लिहा. खोटं लिहाल तर फोटो आणि साक्षीदार ते उघडं पाडतात.

१६. सरकारी बसमधून पडली. बसला विमा असतोय का?

सरकारी महामंडळाच्या बसमध्ये बहुधा महामंडळच स्वतः भरपाई देतं, तेव्हा सामनेवाला म्हणून वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाला घ्यायचं. त्याचं मुख्यालय हुबळीला आहे. एसटी असेल तर महाराष्ट्राच्या महामंडळाला. मुलींना कर्नाटकच्या शक्ती योजनेत (महिलांना मोफत बसप्रवास) मिळालेलं शून्य रुपयांचं तिकीटही प्रवासाचा पुरावा आहे, फेकू नका.

१७. शाळेत मास्तरांनी मारलं, कानाचा पडदा फाटला. शाळा म्हणते खेळताना लागलं.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलाशी क्रूर वागणं हा गुन्हा आहे. कान-नाक-घसा डॉक्टरकडे त्याच दिवशी न्या आणि ‘शिक्षकाच्या मारानं’ असं लिहून घ्या (कारण प्रश्न १ मध्ये सांगितलंय). तक्रार बीईओकडे (तालुक्याचे शिक्षणाधिकारी), प्रत डीडीपीआयकडे (शैक्षणिक जिल्ह्याचे उपसंचालक). आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, आपला कोणता ते बघून पाठवा. राज्य बालहक्क आयोगाकडेही जाता येतं. तातडी असेल तर १०९८, हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर. ‘मास्तर आपलेच, मराठी शाळा आधीच बंद पडायलेत, कशाला बोभाटा’ असं सांगणारे भेटतील. शाळा टिकावी हे खरंच, पण ती पोराच्या कानाच्या मोलावर नव्हे.

छत कोसळलं, गेट अंगावर पडलं, असं असेल तर भरपाईसाठी दिवाणी दावा. शाळेच्या गाडीनं लागलं असेल तर तो मोटार अपघातच. दिवाणी दाव्याची मुदत मुलाच्या बाबतीत तो सज्ञान झाल्यावर मोजायला सुरुवात होते, मुदत कायद्याचं कलम ६ तसं सांगतं. म्हणून ‘दोन वर्षं झाली, आता काही नाही’ हे इथं खरं नसतं. पण तोवर साक्षीदार बदलून गेलेले असतात.

१८. गच्चीवरून गेलेल्या तारेचा शॉक बसला.

हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, लगेच लेखी कळवा आणि वायर, खांब, उंची यांचे फोटो घ्या, कारण दुसऱ्या दिवशी तार ओढून घेतलेली असते. विद्युत निरीक्षकांच्या चौकशीचा अहवाल मागा. २००२ साली शैलकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वीज ही मुळातच धोक्याची वस्तू, तेव्हा ती पुरवणाऱ्याची निष्काळजी सिद्ध झाली नाही तरी जबाबदारी त्याच्यावर येते. घर तारेखाली नंतर बांधलं असेल तर कंपनी तो मुद्दा काढणारच. बांधकामाची परवानगी आणि तारेबद्दल आधी दिलेले अर्ज शोधून ठेवा.

१९. कुत्रं चावलं, आणि आमच्याकडे खानापूरला अस्वलाचंही भय आहे.

कुत्र्याचं: जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, मग लगेच सरकारी दवाखाना. हळद, चुना, तेल काही लावायचं नाही. जखम खोल असेल तर लशीबरोबर सीरमही लागतं, ते विचारून घ्या. पाळीव कुत्रं असेल तर मालकावर गुन्हा नोंदता येतो, भटकं असेल तर महापालिका किंवा नगरपालिकेकडे केसपेपरसह अर्ज द्या आणि पोच घ्या.

रानटी जनावराचं: वनखात्याच्या आरएफओ (वनक्षेत्रपाल) ऑफिसला लगेच कळवा. पंचनामा आणि डॉक्टरांचा दाखला यांवर भरपाई मिळते. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांना ही वाट पाठ आहे.

२०. दवाखान्यातच चुकीचं इंजेक्शन दिलं, हात काळा पडला. मिरजेचा दवाखाना आहे.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे, म्हणजे मिरजेच्या दवाखान्याविरुद्ध बेळगावला. मुदत दोन वर्षं. दिलेलं बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी संपूर्ण केसपेपर लेखी मागा, मागणीपासून ७२ तासांत द्यावे लागतात. मग दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. त्याशिवाय केस उभी राहत नाही, आणि प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे हलगर्जी नव्हे, हेही ऐकायची तयारी ठेवा. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना फुकट उपचार असतील तर ग्राहक कायदा लागत नाही, तिथं दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्ट.

२१. पोरीवर अत्याचार झालाय. नाव बाहेर येईल म्हणून गप्प आहोत.

नाव छापणं, सांगणं हा गुन्हा आहे. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या विशेष न्यायालयाला खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देता येते आणि आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची असते. आरोपी सापडो न सापडो, सुटो, भरपाई त्यावर अवलंबून नाही. १०९८ किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दोन्हीकडे फुकट मदत मिळते. या एका प्रश्नाला फोनवर पूर्ण उत्तर देऊ नये असं मला वाटतं, समक्ष भेटा.

२२. महाराष्ट्र सरकारची ८६५ गावांची योजना आहे म्हणतात. त्यातून भरपाई मिळेल का?

ती भरपाई नव्हे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकानं आक्षेप घेतला. ती उपचारांसाठी आहे, इकडच्या ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’सारखी. उपचार कुठल्याही योजनेतून झाले तरी अपघाताचा दावा वेगळा उभा राहतो.

२३. ट्रिब्युनलनं फारच कमी दिले. आता?

नव्वद दिवसांत हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात अपील. वादातली रक्कम एक लाखाच्या खाली असेल तर अपील चालत नाही. निकालाची प्रत वाचून कोणत्या बाबीचे पैसे दिलेच नाहीत ते शोधा. सोबतीचा माणूस, पुढची ऑपरेशनं, आणि मुलाचं उत्पन्न कशावर धरलं, या तीन जागी बहुतेक चुका सापडतात (प्रश्न ८). अपिलालाही मोफत वकील मिळतो. प्रत मिळाली त्या दिवशीच तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.